नखाला लागलेली रेघ

नख अडकलं. इतकंच झालं. सकाळी आल्या आल्या मी टेबलावरच्या हेडवरून अंगठ्याचं नख फिरवलं, रोज फिरवते तसं, अर्धं लक्ष खिडकीबाहेर ठेवून, आणि साफ केलेल्या सपाटीवर एका जागी ते किंचित थबकलं आणि मग पुढे गेलं. 'टिक' असा आवाज आला, किंवा आला असं मला वाटलं. मी हात मागे घेतला आणि अंगठा मुठीत दाबून धरला, जणू ओरखडा त्यालाच पडला होता. मग आजूबाजूला पाहिलं. फिटर पलीकडच्या टोकाला कामाचे कपडे चढवत होता, हवेच्या नळीतून कुठेतरी बारीक फुस्स चाललं होतं, माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. मी पुन्हा नख फिरवलं, या वेळी उलट दिशेने. पुन्हा अडकलं. दिवा तिरपा केला. सरळ उजेडात तिथे काहीच नव्हतं, तिरप्या उजेडात मात्र केसाएवढी एक रेघ उठून आली. इंधन पेटतं त्या खळग्याच्या काठावरून निघालेली, शेजारच्या पाण्याच्या भोकात जाऊन बुडालेली. एका टोकाला आग, दुसऱ्या टोकाला पाणी. कडेला कुठेतरी असती तर चाललं असतं, दोन बोल्टच्या मधल्या रिकाम्या जागेत असती तरी कोणी विचारलं नसतं. पण रेघेला नेमकी हीच वाट सापडली होती.

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. हे अ‍ॅल्युमिनियमचं होतं, एका दुधाच्या गाडीचं. खालचा ब्लॉक लोखंडाचा, वरचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं, मध्ये एक पातळ गॅस्केट, आणि या तिघांनी मिळून आग आगीच्या जागी आणि पाणी पाण्याच्या जागी ठेवायचं, एवढाच करार. सपाटीवर अशी रेघ असली की पेटलेला वायू तिच्यातून थोडा थोडा पाण्यात शिरतो. पहिल्या दिवशी काही कळत नाही. मग एक दिवस गाडी रस्त्याच्या मधोमध वाफ सोडत उभी राहते. सपाटी मशीनवर पुन्हा घासून अशी रेघ घालवता येते, त्याला आम्ही फेसिंग म्हणतो. पण या हेडचं फेसिंग मागच्याच खेपेला झालं होतं आणि आता त्यावरून कागदाएवढाही थर काढायला जागा उरली नव्हती. हे सगळं मला एका क्षणात आठवलं आणि त्याच क्षणात हेही की काल हे हेड कोणाच्या हाताखाली होतं. ते आठवायची गरजच नव्हती. आमच्याकडे खरवडायचं काम एकच माणूस करतो. माझा मामा.

तसा तो सगळ्यांचाच मामा आहे. मालकांपासून गेटवरच्या माणसापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणतात, 'अहो मामा' म्हणतात, आणि फिटर तर म्हणतो की या वर्कशॉपमध्ये मामा एकच, पण त्याला मामा बनवणारा अजून जन्मायचा आहे. मी कामाला लागले तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. घरात इतकी वर्षं माझ्या एकटीच्या मालकीचा असलेला शब्द इथे हवेच्या नळीसारखा कोणीही उचलून वापरत होतं. मग मीही लोकांदेखत त्याला अहो-जाहो करायला लागले आणि घरी आल्यावर पुन्हा 'तू' म्हणायची. बाबा गेल्यावर तो आमच्याकडे राहायला आला, की आम्ही त्याच्याकडे, यावर आईचं आणि त्याचं अजून एकमत झालेलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की एक माणूस संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून पिस्टन घरी आणायचा, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि माझ्या मोडक्या लाकडी पट्टीच्या तुकड्याने त्याच्यावरची काजळी हळूहळू काढत बसायचा. मी शेजारी उकिडवी. ओल्या राखेला आणि जुन्या तेलाला मिळून जो वास येतो तो वास. 'ही बघ,' तो म्हणायचा, 'इकडची कशी तेलकट आहे, लोण्यासारखी निघते. आणि तिकडची बघ, बशीसारखी टणक. इंजिन एकच, तेल एकच.' असं का, मी विचारायची. 'मला काय माहीत? तू शिक आणि मला सांग.' मी शिकले. जिथून गार हवा आत येते तिथे काजळी ओली राहते, जिथून जळका वायू बाहेर पडतो तिथे ती भाजून निघते. इतकं साधं उत्तर होतं, पण ते मिळेपर्यंत मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन बसले होते. मी त्याला उत्तर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'हां, मग बरोबर आहे,' जणू निसर्गानेच त्याच्याकडे परवानगी मागितली होती.

नख फिरवायला त्यानेच शिकवलं. डोळ्यांना चकवता येतं, बोटांच्या टोकांना तेल लागलं की तीही फसतात, नख फसत नाही. नख अडकलं तर ओरखडा खोल, नख सरकलं तर नुसता डाग. आणि दुसरी गोष्ट त्याने शिकवली ती अशी, की अ‍ॅल्युमिनियमला स्टील दाखवायचंसुद्धा नाही. लाकूड, बांबू, फार तर पितळ. एकदा एका नव्या माणसाने तारेचा ब्रश हातात घेतला तर मामाने तो काढून घेऊन भिंतीपलीकडे भिरकावला होता आणि मग जेवणाच्या सुट्टीत स्वतःच जाऊन शोधून आणला होता.

'टाकीवाली, माझं हेड झालं का?' फिटरने लांबूनच विचारलं. मला इथे याच नावाने ओळखतात.

'तुमचं हेड माझ्याकडे कधी दिलंत? ते तुमच्याच खांद्यावर आहे, बघा चाचपून.'

'दुधाची गाडी आहे बाई. अजून उशीर केलास तर दुधाचं दही होईल.'

'मग दह्याची गाडी म्हणा.'

'थट्टा सोड. आज बसवायचंय. फोरमन माझ्या मानगुटीवर बसलाय.'

'ओलं आहे अजून,' मी म्हणाले. हेड हाडासारखं कोरडं होतं. त्याच्यावर मी एक सुती फडकं टाकलं, आणि टाकल्यावर लक्षात आलं की हे आपण का केलं ते आपल्यालाच माहीत नाही. फिटर गुणगुणत निघून गेला. मी हात धुतले. हातांना काही लागलेलं नव्हतं, तरी धुतले. मग टाकीपाशी गेले, झाकण उचललं, थर्मामीटर बघितला, झाकण ठेवलं, पुन्हा उचललं. टाकी हे माझं इथलं काम. आत कोमट, सौम्य, साबणाच्या जातीचा द्राव, त्यात हेडं आणि पिस्टन बुडवून ठेवायचे. लोकांना वाटतं काजळी त्यात विरघळते. काजळी कशातच सहजी विरघळत नाही. तिला धरून ठेवणारा जळक्या तेलाचा डिंक तेवढा फुगतो, सैल होतो, तिची पकड सुटते, आणि मग लाकडाच्या पट्टीनेसुद्धा ती पापुद्र्यासारखी निघून येते. मागच्या अंगणात लोखंडी भागांची दुसरी टाकी आहे, कॉस्टिक सोड्याची, कडक. मी यायच्या आधी कोणीतरी त्यात अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन टाकले होते. ते चहातल्या बिस्किटासारखे फसफसत खंगले, आणि तेव्हापासून फोरमनच्या मनात टाकी या गोष्टीबद्दल कायमची अढी आहे. माझी टाकी त्याने बसवू दिली ती एका अटीवर. 'एक जरी हेड खराब निघालं तर हे तुझं तीर्थ मी गटारात ओतीन,' असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हसत हसत, पण सांगितलं होतं.

मी टेबलाकडे परत आले, फडकं बाजूला केलं आणि भिंग लावून रेघ नीट पाहिली. असं काही बघायला लागलं की माझी धडधड कमी होते, ही माझी जुनी सवय आहे. पितळ घसरलं असतं तर पिवळट पट्टा उठला असता. लाकडाने तर काहीच होत नाही. ही रेघ तळाशी निमुळती होती, काठ धारदार, आत धातू नवा कोरा चमकत होता. म्हणजे स्टील. मामाची पत्र्याची पेटी टेबलाखाली होती. मामा सकाळी मागच्या अंगणात लोखंडी भाग धुवायला असतो. तो यायला वेळ होता. मी पेटी उघडली. वर बांबूच्या चिरफळ्या, पितळेच्या पट्ट्या, चिंध्या, आणि चिंध्यांखाली एक स्टीलचा स्क्रॅपर. जुना असता, गंजलेला असता, तर मी पेटी मिटून टाकली असती. त्याची धार ताजी लावलेली होती. मूठ हातात धरून धरून काळी आणि गुळगुळीत झाली होती. म्हणजे कालच नव्हे, महिनोन् महिने. आणि महिनोन् महिने प्रत्येक हेड माझ्या नखाखालून गेलं होतं, एकावरही काही अडकलं नव्हतं.

मग कालच का? मला कळत होतं की असा प्रश्न विचारणं आता बरोबर नाही, की घरच्या माणसाकडे असं प्रयोगासारखं बघायचं नसतं, पण डोकं थांबेना. बाकी सगळं तेच आणि एक गोष्ट बदलली, तर ती कोणती? हेड नेहमीच्या जातीचं. उजेड तोच. माणूस तोच. आणि मग भिंतीपलीकडे उभं असलेलं ते हिरवं धूड मला आठवलं. काल दुपारी वीज गेली होती आणि संध्याकाळपर्यंत जनरेटर धडधडत होता. त्याच्या भिंतीला लागूनच मामाचं टेबल. त्या आवाजात फिटर आणि मी खुणांनी बोलत होतो. मामा मान खाली घालून खरवडत होता. मी त्याला असं कितीतरी वेळा पाहिलं होतं, मान खाली, उजवा कान किंचित हेडकडे वळलेला. मला वाटायचं मान दुखते. काजळीवर स्टील फिरलं की खसखस होते, आणि धातूला लागलं की बारीक, उंच, गाण्यातल्या वरच्या सुरासारखा आवाज येतो. बांबूचा नाही येत. पितळेचाही नाही, पितळ मुकं असतं. स्टील बोलतं. म्हणून स्टील. तो ऐकून खरवडत होता. इतके दिवस तो हाताने नाही, कानाने खरवडत होता, आणि काल त्याला काही ऐकू येत नव्हतं.

हे कळलं आणि मला बरं वाटलं, अगदी क्षणभर, गणित सुटल्यावर वाटतं तसं; आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच किळस आली. कारण त्याच्या पाठोपाठ दुसरं सगळं यायला लागलं, घरातलं, वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असलेलं. स्टीलच्या पेल्यातला उकळता चहा. आई तो फडक्यात धरून आणते, मामा नुसत्या हाताने घेतो आणि गप्पा मारत धरून बसतो. लहानपणी मी मैत्रिणींना सांगायची, आमच्या मामाला चटका बसत नाही, त्याचे हात इंजिनाचे आहेत. मैत्रिणी बघायला यायच्या, आणि तोही मिशीतल्या मिशीत हसत पेला गच्च धरून दाखवायचा. तेव्हा ते खरंच कष्टाने निबर झालेले हात असतील. त्यांच्यातली जाणीव कधी गेली, ते मला कुठे कळलं? चप्पल. मागच्या थंडीत आम्ही दोघं घरी येत होतो आणि मामा एका पायात चप्पल घालून चालत होता. दुसरी मागे कोपऱ्यावर पडलेली. मी पोट धरून हसले, 'मामा, तुझी गाडी एका चाकावर चाललीय,' आणि तो खाली बघून स्वतःही हसला, पण आधी त्याने खाली बघितलं, मग हसला. त्या मधल्या पावपळात त्याच्या तोंडावर जे होतं ते मी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि ठेवून दिलं होतं. आणि शर्ट. आईने त्याच्या सगळ्या शर्टांना आतून टिचबटणं लावलीत आणि वरची बटणं नुसती दिसायला शिवून टाकलीत. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'काजांची शिवण उसवते गं सारखी.' सकाळी त्याच्या खोलीतून ओळीने आवाज येतो, टिच, टिच, टिच. बोटांना काज सापडत नाही, पण टिचबटण लागलं की ऐकू येतं. आईला माहीत होतं. आईला कधीपासून माहीत होतं, आणि ती सुई-दोरा घेऊन गप्प बसली होती, आणि मी शेजारी बसून जगातल्या सगळ्या काजळीचं रसायन वाचत होते.

आता फोरमनला कळलं तर मामाचं टेबल जाणार, यात शंका नव्हती. तो दुष्ट माणूस नाही. तो मामाला घरी पाठवणार नाही, गेटजवळ स्टूल देईल, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायला. मला ते स्टूल दिसायला लागलं, त्याच्यावरचा मामा दिसायला लागला, मांडीवर ठेवलेले त्याचे हात. मी उठले. पाणी प्यायले. टाकीचं झाकण पुन्हा उचललं, आणि वाफ तोंडावर आली तेव्हा तो विचार आला, इतका सोपा की आधी कसा आला नाही याचंच नवल. टाकीने केलं म्हणायचं. द्राव कडक झाला होता, धातूला खाल्लं, माझं प्रमाण चुकलं. फोरमन लगेच मानेल, तो तर वाटच बघतोय. खरं म्हणजे द्रावाने धातू खाल्ला तर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, सरळ रेघ पडत नाही. पण हे इथे दोघांनाच कळतं, मला आणि मामाला. टाकी जाईल. जाऊ दे. टाकी म्हणजे शेवटी एक पत्र्याचं भांडं. मी मनात वाक्य जुळवून पाहिलं. म्हणताना आवाज कसा लावायचा तेही ठरवलं. मला हलकं वाटायला लागलं, इतकं की टेबलाला टेकून मी मिनिटभर डोळे मिटले. आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे रांग दिसली. टाकी बंद झाल्यावर हेडं कुठे जाणार? जिथे आधी जात होती तिथे. मऊ न होता, पकड न सुटता, बशीसारखी टणक काजळी अंगावर घेऊन ती सगळी मामाच्या टेबलावर येणार, आणि मामा पुन्हा मान वळवून, कान लावून, त्या हातांनी. मी त्याला वाचवायला निघाले होते ते असं. वीज रोज थोडीच असते.

'काय गं, तोंड असं का? सकाळी सकाळी टाकी फुटली की काय?'

मामा हात पुसत आला होता. बोटांच्या बेचक्या एक-एक करून, नीट बघत पुसत होता. आजवर मला वाटायचं तो टापटिपीचा आहे.

'मामा, जरा हे बघ.' आजूबाजूला माणसं होती आणि माझ्या तोंडून 'बघ' गेलं.

त्याने हेडवरून अंगठ्याचं पेर फिरवलं. रेघेवरून ते सरळ निघून गेलं, थांबलं नाही, कचरलं नाही. 'आरसा आहे. भांग पाडून घे.'

'नखाने बघ.'

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा उभा केला आणि नख ओढलं. टिक. या वेळी आवाज खरोखर झाला. त्याचा अंगठा थांबला नव्हता, तो पुढे गेला होता. थांबला तो चेहरा. त्याने पुन्हा नख मागे ओढलं. टिक. तो तसाच वाकून राहिला. त्याच्या कानातले पांढरे केस मला जवळून दिसत होते.

'काल जनरेटर चालू होता,' तो म्हणाला.

'हो.'

'कुठवर गेलंय?'

'पाण्यापर्यंत.'

'फेसिंगला जागा?'

'नाही.'

तो सरळ झाला. पेटी टेबलाखालून थोडी बाहेर आलेली होती, ती त्याने बघितली, मग मला बघितलं. 'पेटीत हात घातलास.'

'मामा, मी म्हणणार होते, टाकीमुळे झालं म्हणून...'

'आणि?'

'नाही म्हणणार.'

'शहाणी आहेस,' तो म्हणाला, आणि त्यात शाबासकी नव्हती, रागही नव्हता. 'आईला विचारलंस का?'

'काय?'

'काही नाही. तिला वाटतं, तिला माहीत आहे हे मला माहीत नाही.'

फोरमन आला तो फिटरला मागे घेऊनच. 'काय आहे बाबा हे? हा म्हणतो हेड ओलं आहे. ओलं म्हणजे काय, धुणं आहे का दोरीवर टाकायला?'

मी फडकं पूर्ण काढलं. जुळवलेलं वाक्य अजून तिथेच जिभेवर पडून होतं, उगाचच. 'ओलं नाही. ओरखडा आहे. खळग्यापासून पाण्यापर्यंत. बसवता येणार नाही.'

फोरमनने दिवा घेतला, वाकला, नख फिरवलं. त्याचंही अडकलं. 'टाकी?'

'नाही,' मी म्हणाले. 'स्क्रॅपर. स्टीलचा.'

'स्टील? अ‍ॅल्युमिनियमवर? कोणी हात लावला याला?'

मला वाटत होतं मी बोलेन, पण तिथवर गेले आणि पुढे पाऊल पडेना. फिटर आपल्या बुटांकडे बघत होता.

'कोणी म्हणजे? इथे खरवडतो कोण?' मामा म्हणाला. 'तुमची आजी येते का?' मग आवाज उतरवून, 'माझाच हात. बोटांना कळत नाही आता. बरेच दिवस झाले.'

फोरमनने दिवा बंद केला, पुन्हा चालू केला. 'मामा, एवढं माझ्याशी बोलायला काय झालं होतं?' मामाने खांदे उडवले. फोरमन हेडभोवती एक फेरी मारून आला, जणू ती केवढी मोठी वस्तू होती. 'वेल्डिंगवाल्याकडे पाठवतो. रेघ भरून येते का बघू. आली तर आली. दुधवाल्याला मी सांगतो.' मग तो मामाकडे न बघता म्हणाला, 'ते स्टील माझ्या कपाटात द्या. आणि आजपासून खरवडायचं तुम्ही नाही. हिने करायचं. तुमचं काय ते बघू.'

मामाने पेटी उघडली, स्क्रॅपर काढला, चिंधीने पुसला आणि मूठ पुढे करून त्याच्या हातात दिला, शिस्तीत, धारेची बाजू आपल्याकडे ठेवून. फोरमन गेला. फिटर जाता जाता मामाच्या पाठीवर हात ठेवणार होता, ठेवला नाही. स्टूल, मला वाटलं. 'बघू' म्हणजे गेटजवळचं स्टूल. मी उद्याच्या सकाळचा विचार करत होते, टिच टिच आवाज येईल की नाही, आणि आला तर तो ऐकून आईकडे कसं बघायचं, तेवढ्यात दिवे गेले. हवेची नळी फुस्स करून मेली. भिंतीपलीकडे जनरेटर एकदा खोकला, दोनदा, आणि मग त्या धडधडीने भिंत, टेबल, माझे दात सगळं भरून टाकलं.

मामा त्याच्या जागेवर जाऊन बसला. समोर टाकीतून काढलेलं दुसरं हेड, काजळी फुगून काठांवर सुटत आलेली. त्याने हात मांडीवर ठेवले. अगदी मला मघाशी दिसले होते तसेच. मी त्याच्या शेजारी बसले, पितळेची पट्टी घेतली आणि सुरुवात केली. वरचा थर सहज निघाला. खालचा, जळक्या वायूच्या बाजूचा, टणक होता, आणि तिथे माझा हात चाचपडायला लागला. काजळी कुठे संपते आणि धातू कुठे सुरू होतो, हे ओळखायला मला शिकवलेलं होतं ते नख. पण नख साफ झाल्यावर कळतं, होत असताना नाही. होत असताना कळायला वर्षं लागतात आणि माझ्याकडे ती नव्हती. मी दाब कमी केला, मग भीतीने आणखी कमी केला, पट्टी नुसती वरून घसरायला लागली. मामाने हे बघितलं असणार. तो उठला. मला वाटलं चालला. तो फिटरच्या टेबलावरून एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला, चालू इंजिनात कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते ऐकायला फिटर वापरतो तो. त्याने त्याचं टोक हेडच्या कडेला, न दुखवणाऱ्या जागी टेकवलं, आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटले. दुसऱ्या हाताने खूण केली, चालू दे.

मी पट्टी ओढली. माझ्या कानात नुसता जनरेटर होता. त्याच्या कपाळावर एक आठी पडली आणि विरली. मी ओढत राहिले, राखाडी भुकटी दोन्ही बाजूंना पडत राहिली, आणि त्याचा चेहरा माझ्या हातासोबत हलत राहिला, मी दाब वाढवला की भुवया वर, कमी केला की ओठ मुडपलेले. पितळ मुकं असतं असं मी म्हणाले होते. हाडाला ते मुकं नसावं. किंवा या हाडाला. मग एकाएकी त्याने तळहात उभा केला.

'थांब.'

ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. मी थांबले. पट्टी उचलून नख फिरवलं. नख सरकलं, कुठेही न अडता, खालच्या उजळ धातूवरून थेट पाण्याच्या भोकापर्यंत. माझ्या हाताला काहीही कळायच्या आधी त्याला कळलं होतं.

वाकल्यावर मला टेबलाखाली त्याची एक चप्पल दिसली, पायापासून वीतभर दूर, आडवी पडलेली. पाऊल उघडं, थंड फरशीवर. मी माझ्या पायाने ती सरळ केली, त्याच्या बोटांपाशी नेली आणि हळूच आत ढकलली. त्याला कळलं नाही. तो डोळे मिटून, मूठ हाडाला लावून, पुढच्या खळग्याची वाट बघत बसला होता, आणि उशीर होतोय म्हणून बोटाने टेबल वाजवत होता.